भिंत पाडू का, ताई?

वाचकांचे प्रश्न : जुन्या घरांची दुरुस्ती

जुन्या घरांच्या दुरुस्तीवर प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग लागला. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्यामुळे पंचवटी आणि जुन्या नाशकातून जरा जास्तच पत्रं आली. टाइल कोणती घ्यावी, किती खर्च येईल, किती दिवसांत होईल, हे सगळं त्यांत होतं. घर कशावर उभं आहे, हे मात्र एखाद्यानेच लिहिलंय. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे उत्तर देताना मी आधी तेच विचारणार. पडद्यांच्या रंगाबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी कृपया माझ्या भावजयीला विचारावं, तिला त्यातलं कळतं.

ताई, पंचवटीत आमचा आजोबांच्या वेळचा दुमजली वाडा आहे. कुंभमेळ्यासाठी वरच्या मजल्यावर यात्रेकरूंना चार खोल्या काढायच्या आहेत, प्रत्येकीला स्वतंत्र संडास-बाथरूम. खाली ओसरीतले दोन सागवानी खांब मधे येतात, ते काढून लोखंडी गर्डर टाकू असं मिस्त्री म्हणतो. भिंतींची माती झडते म्हणून सिमेंटचं प्लास्टरही करायचंय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, पंचवटी

सुरुवात कडीपाटापासून, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांच्या छतापासून करा. हातोडा राहू द्या, एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. प्रत्येक कडी भिंतीत जिथे शिरते तिथे तो टोचून बघा. सागवान उघड्यावर पिढ्यान् पिढ्या टिकतं, पण भिंतीत गाडलेल्या टोकाला वारा लागत नाही. ते ओल धरून बसतं, कुजतं, नाहीतर वाळवी पोखरते. मधला भाग तेलपाणी करून चकचकीत आणि टोकाशी स्क्रू ड्रायव्हर दोन इंच आत, असं दिसलं तर ती कडी भिंतीवर टेकलेली नाही, निव्वळ सवयीने उभी आहे. अशा कड्यांवर खडूने खूण करा. मला किंवा कुठल्याही इंजिनिअरला बोलवाल तेव्हा निम्मं काम झालेलं असेल.

आता बाथरूम. पाच बाय सात फुटांची एक मोरी धरू. दोन बाजूंना जुन्या भिंती मिळाल्या तरी दोन नव्या बांधाव्या लागतील. साडेचार इंची विटेची नऊ फूट उंच भिंत दोन्हीकडून प्लास्टर करून रनिंग मीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास जाते, म्हणजे या दोन भिंतीच दोन टनांच्या पुढे. पाइप लपवायला नऊ इंच भराव घातलात तर आणखी सव्वा टन. वर फरशी, टाकी, बादल्या, माणूस. पस्तीस चौरस फुटांत साडेतीन टन, आणि हे सगळं चार-पाच कड्यांच्या डोक्यावर! त्या कड्या बैठकीतल्या गाद्या-तक्क्यांचा आणि चार माणसांचा विचार करून घातलेल्या होत्या. शिवाय मोरी कितीही वॉटरप्रूफ केली तरी लाकडी तळावर ती कधी ना कधी पाझरणारच, आणि पाझरेल ती बरोबर कडीच्या टोकाशी.

म्हणून संडास-बाथरूम वाड्याच्या अंगावर घेऊच नका. मागच्या परसात स्वतःच्या पायावर उभा राहणारा वेगळा सांगाडा करा, आरसीसी किंवा लोखंडी, जुन्या भिंतीपासून इंचभर अंतर सोडून. वरच्या मजल्यावरून त्यात दार काढता येतं. नवं बांधकाम थोडं खचतंच. ते जुन्याला बांधून टाकलंत तर खचताना त्यालाही ओढतं. खोल्यांमधल्या आडभिंती हलक्या पत्र्याच्या चौकटीवर सिमेंट बोर्ड लावून करा, विटेच्या नकोत.

खांबांचं म्हणाल तर मिस्त्री जे सांगतो ते अशक्य नाही, पण तो सांगतो तितकं सोपंही नाही. एकच खांब काढला तरी दोन खण मिळून एक होतो, म्हणजे तुळईची लांबी दुप्पट होते. ढोबळमानाने, लांबी दुप्पट झाली की तुळईवरचा वाकवणारा जोर चौपट होतो आणि तुळईची जाडी-रुंदी तीच ठेवली तर झोल सोळापट. त्यामुळे 'दुकानात होता तो गर्डर' इथे चालत नाही, हिशेब करूनच घ्यावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गर्डरची दोन टोकं. आधी तीन ठिकाणी वाटलेलं वजन आता दोन ठिकाणी उतरणार. ती टोकं मातीच्या भिंतीत नुसती खुपसली तर खालच्या विटा चुरडतात. तिथे काँक्रीटचा बेड ब्लॉक, म्हणजे वजन पसरवणारा ठोकळा हवा, खाली जोत्यापर्यंत भिंत ठणठणीत हवी. मी असते तर खांब ठेवले असते. यात्रेकरू खांबाला पाठ टेकून बसतात, त्यांची काही तक्रार नसते.

सिमेंटच्या प्लास्टरला माझा साफ नकार. मातीत बांधलेली भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर टाकते. सिमेंटने तिचं अंग बंद केलंत की ओल आत कोंडते, वर चढते आणि थेट कड्यांच्या टोकांपर्यंत पोचते. दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर फुगून पापुद्रे सुटतात, सोबत जुनी मातीही घेऊन येतात. चुन्याचा गिलावा करा. चुना मळणारा माणूस मिळणं अवघड झालंय हे खरं, पण मिळतो.

दगडी भिंतीला ओळंबा लावून बघायला विसरू नका. आपल्याकडच्या जाड दगडी भिंती म्हणजे बहुतेकदा आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन कातडी आणि मधे दगडगोटे-माती. दोन्ही कातडींना बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधेमधे नसले की भिंतीला पोट येतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती दोन बाजूंना उलगडल्या आणि वरचं माळवदाचं मातीचं ओझं माणसांवर आलं. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये आहे, तेव्हा 'आपल्याकडे कुठे भूकंप' हे म्हणण्यात अर्थ नाही.

तुमचा वाडा नदीपासून किती दूर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुराचं पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावर आपण पूर मोजतो, पण २००८, २०१६ किंवा २०१९ ला ते तुमच्या जोत्यापर्यंत आलं होतं का, हे मला कळायला हवं. पाण्यात उभ्या राहिलेल्या भिंतीतली खालची माती वाहून जाते आणि वरून काही दिसत नाही. शिवाय पूररेषेत असाल तर परसातल्या त्या नव्या सांगाड्याला परवानगीचाच प्रश्न येईल. महापालिकेच्या नगररचना विभागात आधी चौकशी करा, मग मिस्त्रीला विसार द्या.

सिडकोतलं आमचं घर तळमजल्याचं, तीनशे चौरस फूट. मुलाचं लग्न ठरलंय. वर दोन मजले चढवायचे आहेत. गल्लीत सगळ्यांनी चढवलेत. ठेकेदार म्हणतो, 'आतून चार कॉलम उभे करून टाकू, काही होत नाही.' शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच आहे. – एक वाचक, सिडको

लग्नाच्या शुभेच्छा. 'गल्लीत सगळ्यांनी चढवलेत' हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की सिडकोच्या सहाही योजनांना ते घोषवाक्य म्हणून देता येईल. शेजाऱ्याच्या पायाखाली काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या पायाखाली काय आहे तेही अजून माहीत नाही.

तेव्हा पहिला खर्च खड्ड्याचा. भिंतीला लागून तीन फूट बाय तीन फूट खड्डा घ्या आणि पाया संपेपर्यंत खाली जा. तीन गोष्टी बघायच्या : पाया किती खोल, किती रुंद, आणि कशावर टेकलाय. आपल्याकडे एका गल्लीत मुरूम हाताला लागतो आणि पुढच्या गल्लीत काळी माती संपता संपत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घरात दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे गेलेत का, आणि ते एप्रिल-मेमध्ये रुंदावून पावसाळ्यात मिटतात का, हे वहिनींना विचारा. दार कोणत्या महिन्यात घासतं हे रोज ते दार लावणाऱ्या माणसाला जास्त ठाऊक असतं.

वजनाचा ढोबळ हिशेब असा की आरसीसी मजल्याचा प्रत्येक चौरस मीटर, स्लॅब, भिंती, फरशी, सामान आणि माणसं धरून, एक टनाच्या आसपास जातो. तुमचे तीनशे चौरस फूट म्हणजे अठ्ठावीस चौरस मीटर. दोन मजल्यांचे पन्नास-पंचावन्न टन. एका मजल्याचं छप्पर पेलायला घातलेल्या पायावर आणि नऊ इंची भिंतींवर हे टाकायचं नाही, इथपर्यंत ठेकेदार बरोबर आहे. कॉलम हवेतच.

पण कॉलमला फुटिंग, म्हणजे तळाचा रुंद पाया लागतो आणि फुटिंगला खड्डा. तो जुन्या पायाला खेटून, त्याच्यापेक्षा खोल घेतला की जुन्या पायाखालची माती खड्ड्यात सरकायला बघते. चारही खड्डे एकदम खणून ठेवले, रात्री पाऊस आला, असं झालं की तुमची आणि शेजाऱ्याची भिंत एकदम बसते. एक खड्डा खणायचा, भरायचा, काँक्रीट पक्कं झालं की मग समोरचा. ठेकेदाराला हे आवडणार नाही, कारण मिक्सरचं भाडं वाढतं. करारात लिहून घ्या.

नवे बीम सामाईक भिंतीत खाचे पाडून टेकवू देऊ नका. त्या भिंतीवर शेजाऱ्याचा स्लॅबही बसलाय. तुमचा सांगाडा तुमच्या हद्दीत, भिंतीपासून सुटा. जुन्या स्लॅबला नवे कॉलम आरपार नेताना भोक पडेल, त्याच्या कडेने स्लॅबला आधार द्यायचा आणि मगच सळई कापायची. घर दहा-बारा इंचांनी अरुंद वाटेल, ते वाटू द्या.

माझं मत विचाराल तर एकच मजला चढवा, तोही हलका. लोखंडी सांगाडा, एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंती आणि वर पत्रा. एएसी ब्लॉकचं वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश असतं. मुलाला आणि सुनेला खोली मिळेल आणि महापालिकेची परवानगीही जरा सरळ मिळेल. परवानगीचं तुम्ही पत्रात एका शब्दानेही लिहिलेलं नाही, म्हणून आठवण केली.

कॉलेज रोडला १९९८ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. हॉल आणि किचनमधली भिंत काढून मोकळं करायचं आहे. हॉलच्या कोपऱ्यातला कॉलम चार इंच बाहेर येतो, तो थोडा तासून कपाट सपाट बसवायचा डिझायनरचा विचार आहे. चालेल का? – एक वाचक, कॉलेज रोड

भिंत चालेल, बहुतेक. कॉलम नाही.

भिंतीबद्दल 'बहुतेक' अशासाठी की इमारत कॉलम-बीमची आहे याची मी तुमच्या शब्दावरून खात्री धरतेय. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा सोसायटीच्या कपाटात असतो, तो काढायला लावा. भिंत साडेचार इंची, वर आडवा बीम, दोन्ही टोकांना कॉलम असं असेल तर ती नुसती आडोशाची आहे. नऊ इंची, वर बीम नाही, स्लॅब सरळ तिच्यावर बसलाय आणि खालच्या-वरच्या फ्लॅटमध्येही त्याच जागी तशीच भिंत आहे, असं दिसलं तर हात लावू नका.

पाडताना ब्रेकर मशीन लावू देऊ नका. कटरने वरून खाली विटा सोडवत यायचं. आणि राडारोडा रोजच्या रोज खाली. घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो वापराच्या वजनासाठी धरलेला असतो. पाडलेल्या विटांचा कंबरेएवढा ढीग त्याच एका मीटरवर टनाच्या पुढे जातो. तसंच सिमेंटच्या पोत्यांचं. पन्नास किलोचं एक पोतं, दहा पोत्यांची थप्पी, म्हणजे दीड फूट बाय दोन फुटांवर पाचशे किलो. भिंत पाडून काही होत नाही आणि तिचा ढीग रचून स्लॅबला तडा जातो, हे मी पाहिलेलं आहे.

कॉलमचं तासणं मात्र डिझायनरच्या डोक्यातून काढून टाका. बाहेरचं दीड इंच काँक्रीट म्हणजे सळईचं चिलखत. ते गेलं की रिंगा उघड्या पडतात, आणि कॉलमच्या उभ्या सळया वजनाखाली बाहेर फाकू नयेत म्हणून बांधून ठेवतात त्या याच रिंगा. तुमच्या इमारतीच्या तळाला पार्किंग असेल तर तिथे भिंती नाहीत, सगळी मदार कॉलमवर. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात पार अहमदाबादपर्यंत पार्किंगवाल्या इमारती बसल्या त्या याच जागी. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली तेव्हा तर भूकंपही नव्हता. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. सतरा जण गेले. तुमच्या कॉलमवर तुमच्या वरचे सगळे मजले आहेत, तो तुमच्या फ्लॅटमध्ये असला तरी तुमच्या एकट्याचा नाही. कपाट चार इंच कमी खोल करा. वायरिंगची खाचही कॉलम-बीममध्ये नको, एसीच्या पाइपसाठी बीमला भोकही नको.

आमची सोसायटी १९८९ ची. महापालिकेची स्ट्रक्चरल ऑडिटची नोटीस आली. ऑडिटरने पार्किंगमधल्या कॉलमना जॅकेटिंग सांगितलंय. सभेत बहुमत 'प्लास्टर आणि रंग करून घेऊ' या बाजूने आहे. सेक्रेटरी म्हणून मी काय सांगू? – एक वाचक, नाशिकरोड

नोटीस कायद्याने आलेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५-अ सांगतं की तीस वर्षं उलटलेली इमारत पालिकेकडे नोंदवलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यायची. त्यात बहुमताचा प्रश्नच येत नाही.

सभेला भाषण करू नका, सगळ्यांना पार्किंगमध्ये न्या. कॉलमवर छोट्या हातोडीने टकटक करा. निरोगी काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं बद वाजतं. लहान मुलालाही फरक कळतो. मग ऑडिटरला सांगून एका जागी थोडं काँक्रीट फोडायला लावा आणि ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारायला सांगा. चांगलं काँक्रीट गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा अल्कली गुण मारलाय ते रंगच घेत नाही, राखाडीच राहतं. गुलाबी रेषा सळईच्या बाहेरच्या बाजूला असेल तर अजून वेळ आहे. सळईच्या मागे गेली असेल तर लोखंडाचं संरक्षण संपलं. मग गंज चढतो, गंजाची जागा मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट लागते, आणि आतूनच काँक्रीट फुटतं. त्याच्यावर प्लास्टर म्हणजे तापाच्या माणसाला पावडर लावणं. तुमच्या काळच्या इमारतीत बहुतेक पिळाची टॉर सळई असेल, ती गंजायला आणखी उतावीळ.

जॅकेटिंग म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया, रिंगा आणि काँक्रीटचा कोट. आयएस १५९८८ या मानकाप्रमाणे तो निदान १०० मिलीमीटर जाड, म्हणजे कॉलम दोन्ही दिशांना आठ इंचांनी वाढतो. गाड्या लावण्याच्या जागेवरून भांडणं होणार, ती आधीच उरकून घ्या. ठेकेदाराला एकच विचारा : जॅकेट कुठून सुरू करणार? 'फरशीपासून वर' म्हणाला तर दुसरा बघा. ते खाली फुटिंगपासून यावं लागतं, नव्या सळया तिथे रुजवाव्या लागतात. नाहीतर वजन कोटातून उतरून फरशीपाशी परत जुन्याच कॉलममध्ये घुसतं.

ऑडिटच्या अहवालात नुसते तड्यांचे फोटो असतील तर पैसे अर्धेच द्या. रिबाउंड हॅमर (पृष्ठभाग किती टणक), अल्ट्रासोनिक (आतले तडे-पोकळ्या), हाफ-सेल (सळईचा गंज), कोअर (कापून काढलेला नमुना) या चाचण्यांतलं काय, किती जागी, कोणत्या कॉलमवर केलं याचे आकडे हवेत. शेवटी वर्गही लिहिलेला हवा. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करा, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ब म्हणजे राहता राहता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२ब आली तरी दुरुस्ती चालू असताना त्या कॉलमशेजारचे बीम लोखंडी जॅकवर घेतल्याशिवाय एकही कॉलम फोडू देऊ नका.

गच्चीवर बाग करायची आहे, एक फूट माती टाकून. द्राक्षाचा वेलही चढवायचा आहे. गच्ची गळते म्हणून आधी जुन्या कोब्यावर नवा कोबा करणार आहे. – एक वाचक, गंगापूर रोड

नाशिककराला द्राक्ष नको म्हणणारी मी कोण! वेल चढवा, मांडवाचं वजन काही नाही. वजन मातीचं आहे. वापरत्या गच्चीसाठी हिशेबात चौरस मीटरला दीडशे किलो धरतात. एक फूट ओली माती साडेपाचशे किलोच्या घरात जाते. त्यावर चार इंची नवा कोबा आणखी दोनशे. पावसाळ्यात निचरा तुंबला तर पाणी वेगळं.

जुना कोबा काढून मगच नवा करा. काढताना स्लॅबची सळई दिसली तर थांबा आणि वरच्या प्रश्नातली हातोडी-फवारणी इथेही करा. बागेसाठी गच्चीभर माती नको. कॉलम जिथे वर येतात त्यांच्या डोक्याशी आणि बीमच्या ओळीवर मोठे ड्रम ठेवा, मधल्या भागात रिकाम्या वाफ्यासारखी जागा सोडा. मातीत निम्मा कोकोपीट मिसळलात तर वजन उतरतं आणि वेलाला काही फरक पडत नाही.

शहाबादी फरशीवरच नवी टाइल चिकटवली तर? – एक वाचक, सातपूर

आरसीसी स्लॅबवर एकदा चालेल, चिकटवायला पातळ अॅढेसिव्ह वापरा, दोन इंच मसाला नको. दोन इंच मसाला एकटाच मीटरला शंभर किलो असतो. आधीच्या मालकाने हेच एकदा केलेलं असेल तर जुनं उखडा. दाराची उंची किती उरते तेही बघा.

पुढच्या अंकासाठी लिहिताना इमारतीचं साल, मजले, भिंतीची जाडी आणि तळाला पार्किंग आहे का, एवढं कळवा. तड्याचा फोटो पाठवणाऱ्यांनी शेजारी मोजपट्टी धरावी, आणि तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावून त्यावर तारीख लिहावी. दोन महिन्यांनी ठिपका चिरला असेल तर दुसरा फोटो पाठवा.